चार दिवसांआड पाणी आणि दोन मिनिटांआड पैलवान

२ फेब्रुवारी २०२५, रविवार, पहाटेचे सव्वाचार. सोलापुरात विडी घरकुलातल्या आमच्या गल्लीत तीन-चार घरांतले दिवे लागले होते, सगळे पाण्यासाठी. आमच्या घरातला दिवा पाण्यासाठी पण होता आणि रॉयल रंबलसाठी पण, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्तीवाल्यांच्या वर्षातल्या एका मोठ्या कार्यक्रमासाठी. तिकडं अमेरिकेत इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये शनिवारची संध्याकाळ, आपल्याकडं रविवारची पहाट, साडेचारला सुरू. तिथं सत्तर हजार माणूस आणि इथं आम्ही तिघं: मी, आठवीतला माझा पोरगा, आणि सोलापुरी चादर डोक्यावरनं घेऊन भिंतीला टेकलेली माझी आई.

या रंबलबद्दल मला कधीपासून लिहायचं होतं, पण आमचा धंदा शाळेच्या गणवेशाचा. फेब्रुवारीत नमुने दाखवायचे आणि ऑर्डरची वाट बघायची, मार्चपासून चार मशिनी सुरू झाल्या की जूनपर्यंत मान वर करायला सवड नाही. आता सवडीनं सगळा रंबल परत एकदा बघितला. तेव्हा हे सोनीवर दिसायचं, त्या एप्रिलपासून नेटफ्लिक्सवर गेलं. दुसऱ्यांदा बघतानाही तेवढीच मजा आली, म्हणून लिहिते. आणि मजा आली नाही तेही लिहिते.

ज्यांनी कधी बघितलंच नाही त्यांच्यासाठी: पहिल्यांदा दोघं रिंगणात. मग ठरावीक वेळानं, सांगायला दीड-दोन मिनिटं, पडद्यावर दहा ते एक उलटी गिनती, भोंगा, आणि नवा गडी. असे तीस. पाठ टेकवून चितपट नाही, काही नाही. सगळ्यात वरच्या दोरावरनं बाहेर गेला आणि दोन्ही पाय जमिनीला टेकले की बाद. एक पाय टेकला तर चालतं. शेवटी उरेल तो रेसलमेनियाला, म्हणजे त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाला, अजिंक्यपदासाठी लढतो. बायकांचा वेगळा रंबल, पुरुषांचा वेगळा, एकाच रात्री. मध्ये दोन-तीन साध्या कुस्त्या. सगळं मिळून चार तास.

आईला या सगळ्यातला एकच नियम ठाऊक आहे, आणि तो तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो. तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि हाताकडं न बघता हजार विड्या. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेलं की चेकर जुडी हातात घ्यायचा, अंगठ्यानं फिरवायचा आणि नापसंत विड्या बाजूला टाकायचा. बाद. कशासाठी बाद ते विचारायची सोय नव्हती. लहानपणी आई घरी आली की आम्ही पोरं पहिल्यांदा तेच विचारायचो, "आज किती बाद?" त्यामुळं रंबलमध्ये कुणी दोरावरनं गेला की ती सुपात बोट आपटल्यासारखं चादरीवर आपटते आणि म्हणते, "बाद." आणि वर म्हणते, "ह्यांचा चेकर बरा हाय की गं. दोन्ही पाय टेकल्याबिगर बाद करत न्हाई."

आमच्या घरात हे वेड केबलबरोबर आलं. तीन भाऊ आणि मी एकटी. डब्ल्यूडब्ल्यूएफचे (डब्ल्यूडब्ल्यूईचं तेव्हाचं नाव) पत्ते खेळायचो, त्यावर उंची, वजन, छाती, बायसेप्स, रँक, जिंकलेल्या कुस्त्या असं छापलेलं असायचं. माझ्याकडं योकोझुना होता. वजन म्हटलं की सगळ्यांचे पत्ते माझे. त्याच्या बदल्यात थोरल्या भावानं अख्खा अंडरटेकर, वर दोन रुपये देऊ केले होते, मी दिला नाही. अंडरटेकर सात वेळा मरून परत आलाय हे आम्हाला शाळेत गणितापेक्षा पक्कं माहीत होतं. वडील गिरणीत होते, गावोगावच्या जत्रेतले फड बघितलेला माणूस. ते दारातनंच म्हणायचे, "नुरा कुस्ती बघता व्हय बे?" म्हणजे ठरवून केलेली. म्हणायचे आणि चपला तशाच पायात ठेवून उंबऱ्यावर बसायचे. कुस्ती संपेपर्यंत उठायचे नाहीत. आत येऊन बसले असते तर बघतोय हे कबूल करावं लागलं असतं.

नुरा आहे हे मला तेव्हाही कळत होतं. वगात कोण जिंकणार हे ठरलेलं असतं म्हणून कुणी तंबूतनं उठून जात नाही. रंबलमध्ये तर मला कुस्ती फारशी दिसतच नाही. दिसते ती वाट बघणं. आणि वाट बघण्यात सोलापूरकराला कोण शिकवणार? आमच्याकडं नळाला चार दिवसांआड पाणी. दिवस ठरलेला, वेळ नाही. कान नळाकडं ठेवून स्वयंपाक करायचा, कान नळाकडं ठेवून झोपायचं. आधी नळातनं हवा फुसफुसते, मग दोन गुळण्या गढूळ, मग धार. ती फुसफुस म्हणजे आमची उलटी गिनती. त्यामुळं रंबलचं मोजमाप मी एकाच गोष्टीवर करते: त्या दहा सेकंदांत माझा श्वास थांबला का, आणि भोंग्यानंतर जो आला तो त्या थांबलेल्या श्वासाच्या लायकीचा होता का.

ही युक्ती ज्याच्या डोक्यातनं निघाली तो पॅट पॅटरसन, स्वतः जुना कुस्तीगीर. त्याआधी बॅटल रॉयल असायची, सगळे एकदम रिंगणात आणि एकेक बाहेर. त्यात बघणाऱ्याला कळत काही नाही, भाजी मंडईत सकाळी सहाला उभं राहिल्यासारखं. पॅटरसननं एवढंच केलं की सगळ्यांना एकदम आत सोडलं नाही. पहिला रंबल २४ जानेवारी १९८८ ला कॅनडातल्या हॅमिल्टनला झाला. तेव्हा वीसच गडी होते, आणि जिंकला जिम डगन, तो लाकडाची फळी घेऊन यायचा तो. पुढच्या वर्षीपासून तीस झाले ते आजतागायत तीस. मध्ये २०११ ला चाळीस करून बघितले आणि २०१८ ला सौदीत जेद्दाला पन्नास. पन्नासवाला मी बघितलाय. लग्नाच्या पंगतीला पाचवी पंगत बसावी तसं होतं, वाढणारेही दमलेले आणि जेवणारेही.

जुन्या पद्धतीची बॅटल रॉयल आपल्या लोकांना एकाच कारणानं आठवते. जुलै २००७ मध्ये वीस जणांच्या अशाच एका लढतीत शेवटी द ग्रेट खलीनं केन आणि बतिस्ता दोघांना एकदम बाहेर काढलं आणि जगज्जेतेपदाचा पट्टा घेतला. हिमाचलचा दलीपसिंग राणा. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं त्या दिवशी पोरांना फुकट चहा दिला होता. पण मला त्याच वर्षीच्या जानेवारीतला रंबल जास्त आवडतो. खली अठ्ठाविसावा आला, जो समोर येईल त्याला उचलून टाकत सुटला. मग तिसाव्या नंबरला घंटा वाजली, अंधार झाला. अंडरटेकर. त्यानं खलीला काढलं आणि पुढं शॉन मायकल्सबरोबर दोघंच उरले तेव्हाची ती शेवटची काही मिनिटं. तिसाव्या नंबरवरनं कुणी जिंकण्याची ती पहिली वेळ. खली बाद झाला म्हणून माझा धाकटा भाऊ जेवला नव्हता.

असो, २०२५.

सुरुवातच बायकांच्या रंबलनं केली. हे मला आवडलं. बायकांचा रंबल सुरूच झाला २०१८ मध्ये, फिलाडेल्फियाला, असुका जिंकली होती. त्याआधी तीस वर्षं तीस-तीस पुरुष एकमेकांना फेकत होते आणि बायकांना मधली पाच मिनिटं. त्या २०१८ च्या पहाटे मी एकटी जागी होते आणि शेवटी डोळ्यांत पाणी का आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

या वेळी पहिली आली जपानची इयो स्काय, दुसरी लिव्ह मॉर्गन, तिसरी रॉक्सॅन पेरेझ. पेरेझ तेव्हा तेवीस वर्षांची, पाच फुटांच्या आसपास उंची. आईची नजर पहिल्या मिनिटापासून तिच्यावर. "ती बारकी पोर बग. कुनाच्या मदी पडंना, कडंकडंनं ऱ्हाती." खरंच होतं. मोठ्या बाया आल्या की ती कोपऱ्यातल्या खांबाला बिलगायची, दोराच्या बाहेर फेकली गेली तरी खालच्या दोराला पायाचा विळखा घालून सरपटत आत यायची. नाया जॅक्स आली, तिनं धान्य पाखडल्यासारख्या बायका भराभर बाहेर काढल्या, तरी ही आतच. तास उलटून गेला तरी आतच.

मधला अर्धा तास मात्र पातळ होता. रिंगणात गर्दी झाली की रंबलचं नेहमीचं दुखणं सुरू होतं: दहाजणी दोराला लटकलेल्या, एकमेकींचा पाय धरून नुसत्या ताणतायत, सहा नंबरच्या गाडीत लटकल्यासारख्या. कुणी पडत नाही, कुणी पाडत नाही. त्यातनं जीव आणला तो परत आलेल्यांनी. दोन वर्षांनी आलेल्या अलेक्सा ब्लिसच्या वेळी स्टेडियममधनं जो आवाज उठला, तो ऐकून आमच्या शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारली. "पानी आलं का ओ?" "न्हाई काकू, बाई आली." ट्रिश स्ट्रॅटसही आली, तिला मी कॉलेजला असताना बघायचे. तिसावी निक्की बेला. परत येणाऱ्यांवरच सगळा भर होता, नव्या पोरींना मात्र यायचं आणि जायचं काम. एवढं एक खटकलं.

आणि मग सत्ताविसावी शार्लट फ्लेअर. जुना नावाजलेला कुस्तीगीर रिक फ्लेअर, त्याची लेक. गुडघ्याच्या दुखापतीमुळं वर्षभराहून जास्त बाहेर होती. आली, झगमगीत झगा काढला, आणि शेवटी आमच्या बारक्या पोरीला बाहेर टाकून जिंकली. दोनदा रंबल जिंकणारी ती पहिली बाई. माझ्या पोराला हे आधीच वाटत होतं, तो खूश. आई मात्र उठून बसली.

"ती पोर दिस उगवायच्या आदीपास्नं राबतीया, आन् ही आत्ता आली की गं. हिला हाजरी कशी?"

मी सांगायचा प्रयत्न केला की आई, नियमच तसा आहे, उशिरा नंबर लागणं हे नशीब. आई म्हणाली, नशीब न्हाई, वळख. मी गप्प बसले. एवढी वर्षं रंबल बघतेय मी, अनेकांनी लांबलचक समीक्षा केलेल्या ऐकल्यात, पण शार्लटच्या त्या विजयाबद्दल याहून नेमकं मी काही ऐकलं नाही. पहिल्या पाळीला लागलेल्या माणसाचा माल दुसऱ्या पाळीच्या नावावर जमा झाला, झालं.

मधल्या दोन कुस्त्यांबद्दल थोडक्यात. जोड्यांची कुस्ती तीनपैकी दोन डावांची होती, चांगली चाललेली असताना तिसऱ्यांनीच येऊन नासवली. कोडी ऱ्होड्स आणि केव्हिन ओवेन्सची शिडीवरची लढत बघताना मी पोळ्या लाटायला गेले. भित्री नाही मी, पण शिडीवर पाठीवर पडणं हे नुरा असलं तरी पाठ खरी असते. कोडी जिंकला. पोरगा सांगतो की फार भारी होती. असेल.

पुरुषांचा रंबल सुरू झाला तेव्हा उजाडलं होतं, आणि पाणी अजून आलं नव्हतं. पहिला आला रे मिस्टिरियो, वय पन्नास. दुसरा पेंटा, मुखवटेवाला, मेक्सिकोचा, जानेवारीतच नवा आलेला. दोघं मुखवटेवाले समोरासमोर. रे मिस्टिरियोनं २००६ ला दुसऱ्या नंबरवर येऊन तासाभरापेक्षा जास्त टिकून रंबल जिंकला होता, त्यामुळं त्याला परत सुरुवातीला उभा केला यात काहीतरी डोकं होतं. पहिली पाच-सहा मिनिटं सुरेख. डाव दिसत होते, नुसती ढकलाढकली नव्हती. नव्या माणसाला रंबल दाखवायचा असेल तर ही पाच मिनिटं दाखवा.

आठव्या नंबरला मला राग आला. जपानचा अकीरा तोझावा यायचा होता, त्याला मागंच कुणीतरी मारलं असं दाखवलं आणि त्याच्या जागी आला आयशोस्पीड, यूट्यूबवर आरडाओरडा करणारा पोरगा. माझा मुलगा सोफ्यावर उभा राहिला. मला आतून वाटलं की वर्षभर ज्यानं घाम गाळला त्याचा नंबर गेला आणि कॅमेऱ्याला मिळाला. पण पुढं जे झालं ते बघून राग अर्धा उतरला: ब्रॉन ब्रेकरनं धावत येऊन त्या पोराला असा खांदा मारला की तो दुमडला, मग त्याला दोरावरनं बाहेर भिरकावला आणि खाली ओटिस नावाच्या जाडजूड माणसानं तो झेलला. आई हसून हसून खोकायला लागली. तिला यूट्यूब माहीत नाही. तिला वाटलं, प्रेक्षकातला कुणी आगाऊ पोरगा आत शिरला आणि त्याला बाहेर काढलं. एका परीनं बरोबरच.

आता तेविसाव्या नंबरची गोष्ट. आठ वाजत आले होते. रिंगणात रोमन रेन्स, जे उसो आणि बरेच. पडद्यावर दहा, नऊ, आठ. आणि मोरीतल्या नळानं फुस्स केलं.

"पानी!" आई.

"आई, थांब, दहा सेकंद!" पोरगा.

"अरे मोटर लाव की बे!" मी.

गल्लीत एकेक करून मोटरी घुरघुरायला लागल्या, कारण ज्याची मोटर आधी त्याला धार मोठी. मी पडद्याकडं बघत मागं मागं सरकत मोरीपर्यंत गेले. भोंगा. आणि ते तुतारीसारखं वाजतं ते संगीत. जॉन सीना. २०२५ हे त्याचं शेवटचं वर्ष म्हणून त्यानं आधीच जाहीर केलेलं, म्हणजे हा त्याचा शेवटचा रंबल. सत्तर हजार माणसं एका आवाजात किंचाळली, आमचा पोरगा धरून सत्तर हजार एक, आणि माझ्या हातातला पाईप पिंपाबाहेर. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. आईनं शांतपणे चादर उचलून मांडीवर घेतली आणि विचारलं, "टोपीवाला आला का?" सीनाला ती टोपीवाला म्हणते. २००८ ला न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो दुखापतीतनं अचानक तिसाव्या नंबरला आला होता, तेव्हापासून.

दोन पिंपं, चार घागरी, एक बॅरल भरून, फरशी पुसून मी परत आले तोवर चोविसावा सीएम पंक आणि पंचविसावा सेथ रोलिन्स येऊन गेले होते, मागून आणखी दोन-तीन. ते मी दुपारी परत लावून बघितलं. ते तीन नंबर एकापाठोपाठ एक लावले ही या रंबलमधली सगळ्यात हुशार गोष्ट. एकदा श्वास थांबला, सोडायच्या आत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. जुन्या माणसाला आठवण, मधल्याला वैर, आणि ज्याला काही माहीत नाही त्याला नुसता आवाज. थेट बघताना नळ सुटला होता म्हणून मला ते हुकलं याचं दुःख मी अजून विसरले नाही. पण पाणी सोडलं असतं तर चार दिवस विसरले नसते.

शेवटची दहा मिनिटं उत्तम. रेन्स आणि रोलिन्स एकमेकांना धरून दोरापाशी, पंकनं मागनं येऊन दोघांना एकदम बाहेर काढलं. पंक वळतोय तोवर तिसाव्या नंबरच्या लोगन पॉलनं पंकला काढलं. बाहेर पडल्यावर रोलिन्सनं रेन्सला जमिनीवर असा तुडवला की पुढच्या भांडणाचं बी तिथंच पेरलं गेलं. लोगन पॉलला सीनानं काढलं. उरले दोघं: सीना आणि जे उसो.

माझा पोरगा दोन्ही हात जोडून बसला होता. सीना सोळा वेळा जगज्जेता, रिक फ्लेअरच्या बरोबरीला, सतरावं पाहिजे, शेवटचं वर्ष. सगळं सीनाकडं बोट दाखवत होतं. दोघं दोराच्या बाहेरच्या काठावर, एक हात दोरावर, एक हात दुसऱ्याच्या गळ्यात. आणि सीना पडला. दोन्ही पाय. "बाद," आई म्हणाली, पण या वेळी बोट आपटलं नाही.

जे उसो हा जुळ्यातला एक. वर्षानुवर्षं भावाबरोबर जोडीनं खेळला, चुलतभाऊ रोमन रेन्सच्या मागं उभा राहिला. विसावा आला होता. हात वर-खाली करत लोकांना नाचवतो तेवढंच याचं काम असं म्हणणारे खूप. मला तो निकाल आवडला, आणि आवडला म्हणून सांगते की तो सगळ्यांना आवडला नाही. पोरानं दोन दिवस माझ्याशी या विषयावर बोलायचं सोडलं होतं. पण ज्या खेळाचा जीवच पुढं कोण येणार यात आहे, त्याचा शेवट सगळ्यांना आधी ठाऊक असलेल्या माणसानं का करावा? एप्रिलमध्ये लास व्हेगासला रेसलमेनियात जे उसोनं गुंथरला हरवून पट्टाही घेतला. जूनमध्ये गुंथरनं परत नेला. आणि जे उसोच्या त्या विजयाच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच रेसलमेनियात, सीनालाही त्याचं सतरावं मिळालं, तेव्हा पोराचा रुसवा गेला.

त्याच रविवारी संध्याकाळी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती होती. ती आमच्या घरात चुकवायची सोयच नव्हती, कारण पृथ्वीराज मोहोळसमोर आपल्या मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड. पहाटेपासून जागे, डोळे लाल, तरी तिघं परत तिथंच. आधी गादी विभागाच्या कुस्तीत चितपट झाली का नाही यावरनं शिवराज राक्षे आणि पंच यांच्यात जो प्रकार झाला तो सगळ्या महाराष्ट्रानं बघितला. मग अंतिम कुस्तीत गुणावरनं वाद, गायकवाड मैदान सोडून गेला, गदा मोहोळला. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. आमच्या गल्लीत त्या रात्री सन्नाटा. वडील असते तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. खरी कुस्ती म्हणून जिची शपथ घ्यायचे ती ही.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सकाळच्याला समदं ठरल्यालं व्हतं ना गं?"

"व्हय."

"मग कुनी चिडलं न्हाई ते ठीकच हाय." आणि थोड्या वेळानं, "ह्या पोरांचं खरं व्हतं, म्हनून चिडली."

बघायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच. चार तास एकदम बसू नका. पुरुषांचा रंबल आधी लावा, तो ऐंशीएक मिनिटांचा आहे. बायकांचा त्यानंतर, आणि त्यात सुरुवात आणि शेवट नीट बघा, मधे भाकरी करून घ्या. हिंदी समालोचन बंद करून बघितलं तर जास्त बरं, ते लोक श्वास थांबायच्या आधीच ओरडतात. लहान पोरं असतील तर शिडीवाली कुस्ती पुढं ढकला. हा आवडला तर १९९२ चा शोधा, त्यात रिक फ्लेअर तिसऱ्या नंबरला येऊन तासभर टिकतो आणि रिकामा झालेला पट्टाच रंबलवर लावलेला असतो. ती तासभराची धडपड बघितली की शार्लट कुणाची लेक हे कळतं. आणि २००७ चा, खली-अंडरटेकरसाठी. माझ्या हिशोबात २०२५ चा या दोघांच्या खाली, पण फार खाली नाही. पाचातले चार मी दिले असते, अर्धा आयशोस्पीडचा कापला आणि अर्धा मधल्या लटकणाऱ्या बायकांचा. राहिले तीन.

सीनाची शेवटची कुस्ती त्याच वर्षी १३ डिसेंबरला झाली, आपल्याकडं १४ ची सकाळ. परत रविवार, पण पाण्याचा दिवस नव्हता. गुंथरनं मागनं गळ्याला विळखा घातला, सीना बराच वेळ तसाच राहिला, मग त्यानं हात आपटला. पोरगा काही न बोलता बाहेर गेला. आई तिच्या जागेवर, भिंतीला टेकून.

"काय झालं गं?"

"हरला, आई. संपलं त्याचं."

"पाय टेकलं का?"

"नाही. हात आपटला. इथं तसंच असतंय."

आईनं चादर पायांवर ओढून घेतली. "मग बाद कसा?"